बार्शी लाइटची गाडी आणि लातूरचं पाणी

रुवैसला राहणाऱ्यांना रेल्वे रोज दिसते, पण तिच्यात बसता येत नाही. शाह आणि हबशानच्या वायुक्षेत्रांतून गंधक घेऊन २६४ किलोमीटर येणारी ही मालगाडी थेट बंदरावर जाते. माल आधी, माणूस मग. आमच्या बार्शीकडची गाडीही अशीच मालासाठी जन्मली होती, हे नव्या पिढीला सांगायला हवं.

बार्शी ही कापूस आणि तेलबियांची मोठी पेठ, पण मुंबई-मद्रास मार्ग तिला टाळून कुर्डुवाडीवरून गेला. सगळा माल बैलगाड्यांतून स्टेशनावर. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने हे हेरलं आणि १८९५ साली लंडनमध्ये कंपनी काढली. १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजची कुर्डुवाडी, ते बार्शी टाऊन अशी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. पण खरी हुशारी वेगळीच: इंजिन असो की वाघीण, एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको. वजन सगळ्या चाकांवर सारखं वाटलं की रूळ हलके चालतात आणि खर्च वाचतो. (हाच गृहस्थ पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट बनवायला लागला. डोकं जबरदस्त!)

मग १९०६ ला गाडी पंढरपूरला पोचली आणि तिचं रूपच पालटलं. आषाढी-कार्तिकीला मालाच्या गाडीला वारकऱ्यांची गाडी व्हावं लागलं. १९११ ला ती निजामाच्या हद्दीत लातूरला गेली, १९२७ ला मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटर! लातूरच्या बाजारपेठेला या रुळांनी केवढं बळ दिलं, ते जुन्या अडत्यांना विचारा. १९५४ साली सरकारने कंपनी ताब्यात घेतली.

गाडी हळू होती, हे खरंच. घरची मोठी माणसं सांगायची, चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येतं. आम्ही हसायचो. पण अडचण फक्त वेगाची नव्हती. कुर्डुवाडीला आणि मिरजेला सगळा माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे. हमालीत नफा जायचा. म्हणून टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज आलं. लातूर-कुर्डुवाडी रूळ २००८ पर्यंत बदलले, पंढरपूर-मिरज त्यानंतर. जुनी वाट थोडी वळवून उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, मार्गावर आणलं. तिथल्या लोकांची ही जुनी मागणी होती.

छोट्या गाडीसाठी हळहळणाऱ्यांत मीही आहे. पण एप्रिल २०१६ आठवा. लातूरला नळ कोरडे, पाण्यासाठी जमावबंदी, आणि इथे आपण समुद्राचं गोड केलेलं पाणी बिनघोर वापरतोय. फोनवर बहीण म्हणाली, "दादा, मिरजेहून पाण्याची रेल्वे निघालीय." पहिल्या खेपेला दहा टँकर वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी, पंचवीस लाख लिटर. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर: वाट बहुतेक कॅलथ्रॉपचीच. अडीच फुटी रुळांवर एवढं पाणी एका खेपेत आलं नसतं.