हिमाखालचे दगडफूल

गोड्या मसाल्यात पडणारे दगडफूल हे फूल नव्हे, आणि एकटी वनस्पतीही नव्हे. ते शैवाक, म्हणजेच लायकेन आहे. त्यात बुरशी आणि शैवल एकत्र नांदतात: बुरशीचे तंतू घर बांधतात आणि पाणी धरून ठेवतात, तर त्या तंतूंत वस्तीला असलेले सूक्ष्म हिरवे शैवल सूर्यप्रकाशाच्या बळावर प्रकाशसंश्लेषण करून दोघांचे पोट भरते. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेन्डेनर यांनी १८६०च्या दशकात ही दुहेरी रचना मांडली, तेव्हा त्या काळच्या अनेक शैवाकतज्ज्ञांना ती मान्य झाली नाही. दगडफुलाचे हे गणगोत थेट अंटार्क्टिकापर्यंत पोहोचले असून, जिथे मूळच्या सपुष्प वनस्पती अवघ्या दोन आहेत तिथे शैवाकांच्या सुमारे ४०० जाती नोंदल्या गेल्या आहेत.

त्यांतील अंबिलिकेरिया ॲप्रिना ही काळसर, पानासारखी, बेंबीसारख्या एकाच बिंदूने खडकाला चिकटलेली जात. व्हिक्टोरिया लँडमधील ग्रॅनाइट हार्बर येथे १९९०च्या दशकात झालेल्या मोजणीत ती उणे १७ अंश सेल्सियस तापमानालाही कार्बन डायऑक्साइड शोषताना आढळली, आणि त्याआधी संशोधक ओट्टो लांगे यांनी प्रयोगशाळेत काही शैवाकांच्या बाबतीत ही मर्यादा उणे २४ अंशांपर्यंत खाली गेल्याचे दाखवले होते. पाणी शून्य अंशाला गोठते, मग हे घडते कसे?

याचे उत्तर थंडीत नसून पाण्यात आहे. शैवाक गोठू लागते तेव्हा बर्फाचे स्फटिक पेशींच्या आत नव्हे, तर बाहेर, तंतूंमधल्या पोकळ्यांत तयार होतात. बर्फावरील बाष्पदाब त्याच तापमानाच्या द्रवरूप पाण्यावरील बाष्पदाबापेक्षा कमी असल्याने पेशीतले पाणी हळूहळू त्या बर्फाकडे ओढले जाते, आत उरलेला रस अधिकाधिक घट्ट होतो आणि म्हणूनच गोठत नाही. गोठणे म्हणजे शैवाकाच्या दृष्टीने वाळणेच होय. बर्फाशी समतोल साधलेल्या हवेची आर्द्रता, द्रवरूप पाण्याच्या मापाने, उणे १० अंशांना सुमारे ९१ टक्के, तर उणे २० अंशांना सुमारे ८२ टक्के भरते; हिरवे शैवल असलेली शैवाके एवढ्या दमट हवेतही काम करू शकतात, मात्र पारा आणखी उतरला की पेशीत पुरेसे पाणीच उरत नाही आणि क्रिया थांबते. शैवल बुरशीला जे पॉलिओल, म्हणजे साखरेचेच अल्कोहोलरूप, पुरवते, तेच या कोरडेपणात पेशीतील प्रथिनांना आणि पटलांना सांभाळते.

हीच वाट उलट दिशेनेही चालते, आणि हा भाग सर्वांत विलक्षण आहे. पूर्ण वाळलेले शैवाक हिमाच्या पातळ थराखाली सापडले, तर ते वितळण्याची वाट न पाहता हिमातून निघणारी वाफच टिपून घेते आणि थरातून झिरपणाऱ्या मंद प्रकाशात प्रकाशसंश्लेषण सुरू करते. थंडीत श्वसन अगदी मंदावत असल्याने खर्च कमी राहतो आणि तुटपुंज्या प्रकाशातली कमाईही शिल्लक पडते. हिरव्या शैवलाऐवजी नीलहरित जीवाणू पाळणाऱ्या शैवाकांना मात्र वाफ पुरत नाही, द्रवरूप पाणीच लागते. खंडाच्या अतिशीत भागात त्यांचे प्रमाण कमी असण्यामागे हे एक कारण आहे.

तरीही उणे १७ अंशांची ही कमाई अत्यल्प असते, हे विसरून चालणार नाही. खरा हंगाम साधतो तो उन्हाने काळा खडक तापून हिम वितळते त्या मोजक्या तासांत. उरलेला काळ, विशेषतः कोरड्या अवस्थेत ऊन अंगावर पडत असताना, शैवल पकडलेली प्रकाशऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देऊन स्वतःचे हरितद्रव्य वाचवत राहते. मॅकमर्डो ड्राय व्हॅलीज या अतिशुष्क दऱ्यांमध्ये ब्युएलिया फ्रिजिडा या शैवाकाची वाढ वर्षाला मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी, किंवा त्याहूनही कमी, मोजली गेली आहे. या वेगाने त्याची त्रिज्या एका सेंटिमीटरने वाढायला हजार वर्षे लागतात.