झोप आणि भूक : नैराश्याच्या दोन खुणा

वसतिगृहात मुलाचे मन खचल्याची खूण बहुधा प्रथम दोन ठिकाणी दिसते : जेवणाच्या पंगतीत आणि रात्रीच्या अंथरुणावर. अनेक वर्षांपूर्वी वर्गात पेंगणाऱ्या एका विद्यार्थ्याला आळशी ठरवून मी तासभर उभे केले होते. तो कित्येक रात्री जागाच असतो आणि ताटातली भाकरी अर्धी टाकून उठतो, हे त्याच्या सोबत्यांना ठाऊक होते. मी मात्र कधी विचारले नव्हते. ती चूक आजही सलते. म्हणून हे लेखन.

नैराश्य म्हणजे चार दिवसांचे दुःख नव्हे, तो आजार आहे. त्याची ही लक्षणेही नवी नाहीत. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रंथांत खिन्नतेसोबत अन्नाचा तिटकारा, निद्रानाश आणि चिडचिड यांची नोंद आढळते. आजचे वैद्यकशास्त्रही निदान करताना झोप आणि भूक यांची आवर्जून चौकशी करते.

हा बदल दोन्ही दिशांनी होतो. कुणाला झोपच लागत नाही, कुणाला नेहमीपेक्षा दोन-दोन तास आधी जाग येते, तर कुणी पुष्कळ झोपूनही थकलेलाच राहतो. कुणाची अन्नावरची वासना उडते, तर कुणी भूक नसतानाही खात राहतो. किशोरवयात उदासीऐवजी चिडचिडच अधिक दिसू शकते. म्हणून मुलाची तुलना इतरांशी न करता त्याच्याच पूर्वीच्या सवयींशी करावी.

परीक्षेच्या आदल्या रात्री झोप न येणे हा आजार नव्हे. परंतु असा बदल दोन आठवडे जवळजवळ रोज टिकला आणि जोडीला उदासी असली किंवा आवडत्या गोष्टींतून मन उडाले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तक्षय व थायरॉईडच्या विकारांतही अशी काही लक्षणे दिसतात. त्यामुळे शारीरिक तपासणीही आवश्यक ठरते. समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांनी नैराश्य बरे होऊ शकते. शासनाने २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते. मूल ‘जगणे नकोसे झाले’ असे म्हणाले, तर मात्र दोन आठवडे वाट पाहू नये. त्याला एकटे न सोडता तत्काळ मदत मिळवावी.

पालकहो, सुटीत घरी आलेल्या मुलाला गुण विचारण्याआधी एवढेच विचारा : “झोप नीट लागते ना? जेवण जाते ना?” आणि उत्तर ऐकायला थोडा वेळ थांबा.