नारायणरावांची हाक

आमच्या उमापुरासारख्या गावी भुताने राहावयाचे ते पिंपळावर किंवा पडक्या आडात, अशी पूर्वापार समजूत. पुण्यासारख्या विद्येच्या माहेरघरी, ऐन वस्तीत भुताची ख्याती असावी आणि हाकेच्या अंतरावर बसून लोकांनी निश्चिंतपणे थालीपीठ खावे, हे मात्र मी गेल्या पौर्णिमेस प्रत्यक्ष पाहिले.

पुतण्याकडे गेलो असता त्याच्या दहा वर्षांच्या मुलीस घेऊन शनिवारवाडा पाहण्याचा योग आला. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी ज्याचा पाया घातला, तो हा वाडा. हत्तींनी धडका देऊ नयेत म्हणून अणकुचीदार खिळे बसविलेला दिल्ली दरवाजा अद्याप भक्कम आहे. परंतु आत पाहावे तो केवळ जोती. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील इमारती भस्मसात झाल्या. म्हणजे ज्या दालनांत तो भयंकर प्रकार घडला, ती आज उरलेलीच नाहीत.

सायंकाळी वाडा बंद झाल्यावर जवळच्या एका उपाहारगृहात बसलो. वाढणारा मुलगा नातीस म्हणाला, "आज पुनव. मध्यरात्री वाड्यातून 'काका, मला वाचवा' अशी हाक येते!"

मी विचारले, "तू ऐकलीस काय?"

तो हसला. "नाही, आजोबा. मी त्याआधीच घरी जातो."

भुताच्या गोष्टीची हीच गंमत आहे. हाक ऐकणारा नेहमी दुसराच कोणी असतो. अहमदाबादेस लाल दरवाजानजीक एका जुन्या उपाहारगृहात टेबलांच्या मधोमध कबरी आहेत व लोक तेथे खुशाल चहा पितात. मृतांच्या सान्निध्याने जीव घाबरत नाही. तो घाबरतो कथेने. म्हणून ती कथा नातीस नीट सांगावी असे मनात आले.

दिवस ३० ऑगस्ट १७७३ चा, भाद्रपदातील गणपतीचे दिवस. थकलेला पगार मागत गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे धावत जाऊन चुलते रघुनाथराव यांस बिलगले. परंतु त्यांच्या देखतच गारद्यांनी त्यांचा वध केला. आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केल्याची आख्यायिका आपल्या घरोघरी ठाऊक आहेच.

नातीने घास हातातच ठेवून विचारले, "एवढ्या मोठ्याने हाक मारली, तरी कोणीच आले नाही का?"

"आला होता, बाळ. चाफाजी टिळेकर नावाचा सेवक. तो धन्याच्या अंगावर आडवा पडला व त्यांच्यासह मारला गेला. मागाहून रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली आणि गादीवर बसलेल्या रघुनाथरावांस तोंडावर सांगितले, या पापास देहान्त प्रायश्चित्तच आहे. मग ते पुणे सोडून गेले."

"मग त्यांचे भूत का होत नाही?"

या प्रश्नाने मी निरुत्तर झालो. मला एक जुना दिवस आठवला. नोकरीच्या आरंभी एका शाळेत 'त्रै' म्हणजे रक्षण करणे, या धातूची रूपे मी फळ्यावर लिहीत होतो. शेजारच्या वर्गात एका मुलास छडीने बेदम मार बसत होता. "सर, वाचवा हो!" ही त्याची आरोळी मला स्वच्छ ऐकू आली. मारणारे माझ्याहून वडील. मी 'त्रायते, त्रायेते, त्रायन्ते' पूर्ण लिहिले व दार लोटून घेतले. तो मुलगा पुन्हा शाळेत आला नाही. पुढे पस्तीस वर्षे मी तो धातू शिकविला. ती आरोळी ऐकू आली नाही असे एकदाही झाले नाही.

वाचकहो, मला वाटते भूत होते ते मेलेल्याचे नव्हे. ऐकून न ऐकल्यासारखे केलेल्या हाकेचे. चाफाजी धावला, शास्त्रीबुवा बोलले. त्यांच्यामागे काही उरले नाही. उरली ती आम्हा दार लोटणाऱ्यांमागे.

रात्री निजताना नातीने हळूच विचारले, "आजोबा, ती हाक खरेच येते का?"

"येते," मी म्हणालो. "पण ती वाड्यातूनच येते असे नाही. शेजारच्या घरातून येईल, वर्गातून येईल. आली म्हणजे भ्यावयाचे नाही. उठून जावयाचे."

ती "बरे" म्हणाली आणि लगेच झोपली. मला मात्र पुष्कळ वेळ झोप आली नाही.