धर्मशिक्षण वर्गातील बालकांची सुरक्षा

रविवारचे धर्मशिक्षण वर्ग आणि मे महिन्यातील बालशिबिरे यांच्या तयारीत गाणी, नाटुकली, अल्पोपाहार यांचा विचार धर्मग्रामात आवर्जून होतो. मुले कोणाच्या हाती सोपवली आहेत, याचा आढावा मात्र क्वचितच घेतला जातो. ‘आपल्याच वाडीतला आहे’ एवढी ओळख आपल्याला पुरते. ओळख म्हणजे चौकशी नव्हे. नव्या स्वयंसेवकाने पूर्वी जेथे काम केले, तेथे विचारपूस करावी. एकट्या मुलासोबत एकच प्रौढ बंद खोलीत असू नये. मूल घरी कोणाबरोबर जाणार, हे पालकांनी आधी लिहून द्यावे.

खरी कसोटी लागते ती तक्रार आल्यावर. चर्चची बदनामी नको म्हणून प्रकरण आपसांत मिटविण्याकडे कल असतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील लैंगिक अपराधाची माहिती पोलिसांना देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हाताखालच्या व्यक्तीचा अपराध दडविणाऱ्या संस्थाप्रमुखाला ही शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली धर्मगुरू व व्रतस्थांना अशी माहिती धर्माधिकाऱ्यांकडे कळविण्याचे बंधन घातले. परंतु त्यामुळे नागरी कायद्याचे कर्तव्य टळत नाही.

मुलाला पुनःपुन्हा प्रश्न विचारू नयेत; ते काम जाणकारांचे आहे. त्याचे नाव गुप्त राखावे. १०९८ हा बालमदत क्रमांक वर्गाच्या भिंतीवर, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावावा.