घरचा संगणक, भाग 7 : अँटिव्हायरस कोणता घ्यायचा?

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न एकच : "कुठला अँटिव्हायरस टाकू?" विचारणाऱ्यांत पोलादपूरचे एक निवृत्त गुरुजी होते, महाडच्या एमआयडीसीत नोकरी करणारा एक मुलगा होता आणि मुलाने मुंबईहून पाठवलेला लॅपटॉप अजून खोक्यातच ठेवलेल्या एक काकू होत्या. तिघांना मी तीन वेगवेगळी उत्तरं दिली. ती वेगळी का, ते आज सांगतो.

त्याआधी पेनड्राइव्ह. आपल्याकडे घरच्या संगणकात रोग शिरतो तो बहुतेक वेळा या वाटेने. दहावी-बारावीचे निकाल लागले की झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी उसळते. दाखला, मार्कशीट, फोटो, सगळं एकाच पेनड्राइव्हमध्ये, आणि तो दिवसभरात किती हातांतून आणि किती यंत्रांतून जातो याचा हिशेब कोणी ठेवत नाही. घरी येऊन तो लावला की फोल्डर जागच्या जागी दिसतात, पण नीट बघा : प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटासा बाण असतो. तो फोल्डर नव्हे, शॉर्टकट आहे. त्यावर डबल क्लिक केलं की तुमचं फोल्डर उघडतंच, म्हणून संशय येत नाही, पण त्याच क्लिकने मागे एक छोटा प्रोग्रॅम चालू होतो, संगणकात मुक्काम ठोकतो आणि पुढे लागणाऱ्या प्रत्येक पेनड्राइव्हवर स्वतःची प्रत सोडतो. तुमच्या फाइली गेलेल्या नसतात, फक्त लपवलेल्या असतात. फाइल एक्स्प्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स' चालू केलं की अनेकदा फिकट रंगात दिसू लागतात. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करू नका. माझ्या ओळखीतल्या एका मुलीने तसं केलं आणि प्रवेशाच्या ऐन वेळी सगळी कागदपत्रं पुन्हा गोळा करायला तिला दोन दिवस पळावं लागलं.

अशा रोगांवर औषध शोधण्यात आपल्याच माणसांचा मोठा वाटा आहे. कैलाश काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण थांबलं, आणि पुण्यात रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात ते काम शिकले. पुढे संगणक दुरुस्तीचा स्वतःचा व्यवसाय काढला. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांत व्हायरस सापडू लागले, तेव्हा संगणक शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी ते काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली. त्यातून 1995च्या सुमारास क्विक हील बाजारात आलं. 2007 मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि 2016 मध्ये ती शेअर बाजारात उतरली. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो. त्या काळात फ्लॉपीवरून व्हायरस यायचा, दुकानात नेऊन यंत्र साफ केलं की बहुतेक वेळा काम व्हायचं. अँटिव्हायरस म्हणजे सफाई, हा समज आपल्या मनात तेव्हापासून बसला आहे. आज तो पुरत नाही. खंडणी मागणारा रॅन्समवेअर एकदा फाइलींना कुलूप लावून गेला, की त्याला नंतर कितीही झाडून काढा, कुलूप तसंच राहतं.

आता गुरुजींचा संगणक. त्यावर विंडोज 7, एक मुदत संपलेला अँटिव्हायरस, आणि "एकाने भागत नाही" म्हणून टाकलेला दुसरा फुकटचा. दोन अँटिव्हायरस एकमेकांच्या पायात पाय घालतात. प्रत्येक फाइल दोघेही तपासायला धावतात आणि यंत्र रखडतं. एका यंत्राला एकच राखणदार हवा. पण गुरुजींची खरी अडचण त्याहून खोल होती. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टने 14 जानेवारी 2020 नंतर सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं आहे. भिंतीलाच भगदाड असेल तर दारावरच्या माणसाने काय करायचं? मे 2017 मध्ये वॉनाक्राय या रॅन्समवेअरने जगभरची रुग्णालयं आणि कार्यालयं ठप्प केली. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, पण असंख्य लोकांनी तो घेतलाच नव्हता. विंडोज 10 चाही नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, हे याच ओघात सांगून ठेवतो. गुरुजींना मी म्हटलं, "मुदत संपलेला अँटिव्हायरस काढा, पेन्शनचं आणि बँकेचं काम या यंत्रावर करू नका, आणि नवीन घेईपर्यंत यावर फक्त लेखन-वाचन करा."

एमआयडीसीतल्या मुलाचं यंत्र नवं होतं, विंडोज मात्र फुकटात 'ॲक्टिव्हेट' केलेलं. तो ॲक्टिव्हेटर चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी सूचना त्याच्याबरोबरच आली होती आणि त्याने ती पाळली होती. अनोळखी माणसाच्या सांगण्यावरून घराचं दार आपल्या हाताने उघडं ठेवायचं आणि मग महागडं कुलूप विकत घ्यायला निघायचं, असा हा प्रकार. त्याला मी अँटिव्हायरस सुचवलाच नाही. ते पैसे आधी खऱ्या विंडोजला घाल, म्हटलं.

काकूंचं काम सगळ्यात सोपं. नव्या लॅपटॉपमध्ये कंपनीने एका विकतच्या अँटिव्हायरसची थोड्या दिवसांची चाचणी आवृत्ती टाकलेली असते. मुदत संपली की तो रोज पैसे मागत राहतो आणि पहारा मात्र ढिला पडतो. तो पूर्ण काढून टाकला की विंडोजचा स्वतःचा मायक्रोसॉफ्ट डिफेंडर कामाला लागतो. जर्मनीची एव्ही-टेस्ट ही संस्था संरक्षण, वेग आणि वापरातली सोय यांना प्रत्येकी 6 असे 18 गुण देते. गेल्या काही वर्षांत डिफेंडरने तिथे अनेकदा पैकीच्या पैकी मिळवले आहेत. एका घराच्या, एका लॅपटॉपच्या गरजेला तो पुरतो, असं माझं स्पष्ट मत आहे. नातवासाठी मात्र 'स्टँडर्ड युजर' असं वेगळं खातं उघडून दिलं. त्यामुळे कुठल्याशा खेळाबरोबर आलेला प्रोग्रॅम काकूंचा पासवर्ड विचारल्याशिवाय सगळ्या यंत्रावर ताबा घेऊ शकत नाही.

मग विकतचा कोणी घ्यावा? घरात तीन-चार यंत्रं असतील, मुलांच्या वापरावर वेळेचं बंधन घालायचं असेल, अडलं तर फोन करून विचारायला माणूस हवा असेल, त्यांनी जरूर घ्यावा. घेताना पहिल्या वर्षाची किंमत बघून हुरळू नका, दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला किती पडेल ते आधी विचारा. फुकटचा घेताना त्याचा खर्च कोण करतं याचा विचार करा. फुकटचा अँटिव्हायरस देणाऱ्या ॲव्हास्ट कंपनीने वापरणाऱ्यांची ब्राउझिंगची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 2024 मध्ये तिला 1 कोटी 65 लाख डॉलर भरायला लावले.

आपल्या भागाची एक अडचण पुण्या-मुंबईच्या माहितीत कधी येत नाही. पोलादपूरच्या वर, घाटाच्या कुशीतल्या वाड्यांवर पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही दिवसचे दिवस जातात. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर संगणक चालवताना तो 'मीटर्ड' ठरवलेला असेल तर विंडोज मोठे अपडेट अडवून धरतो. अँटिव्हायरसची ओळखयादी रोज बदलते. महिनाभर जुनी यादी म्हणजे नव्या चोराचा फोटोच नसलेला पहारा. यावर उपाय आहे. डिफेंडरची ताजी यादी मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून एका फाइलच्या रूपात उतरवता येते, क्विक हीलचीही तशी मिळते. फाइल शंभर एमबीच्या वर जाते, म्हणून महाडला बाजाराला आलात की चांगल्या नेटवर उतरवून घ्या आणि घरी जाऊन चालवा.

शेवटी पुराबद्दल बोलायलाच हवं. जुलै 2021 मध्ये सावित्री नदीचं पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझा संगणक तळमजल्यावर टेबलाखाली होता. चिखल धुतला, पंख्याखाली वाळवला, हार्ड डिस्क काही बोलली नाही. वडिलांचे हस्ताक्षरातले हिशेब स्कॅन करून ठेवले होते, ते तिच्याबरोबर गेले. वरच्या माळ्यावर तांदळाची पोती आणि गाद्या सुखरूप होत्या, कारण पाणी चढताना त्या वर न्यायच्या हे घरात सगळ्यांना पाठ होतं. डिस्क न्यायची हे कोणाच्या मनातच नव्हतं. रॅन्समवेअर आला तरी परिणाम तोच. डिफेंडरमध्ये 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय असते, ती सुरुवातीला बंद असते, आजच चालू करा. अँटिव्हायरसवर वाचलेले पैसे वेगळ्या डिस्कला घाला. ती डिस्क कायम जोडलेली ठेवलीत तर तिलाही तेच कुलूप लागेल, म्हणून प्रत झाली की काढायची आणि माळ्यावर ठेवायची.

प्रत कशी आणि किती दिवसांनी घ्यायची ते पुढच्या भागात सविस्तर बघू. तोवर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून ओळखयादीच्या शेवटच्या अपडेटची तारीख एका कागदावर लिहून ठेवा. पुढच्या आठवड्यात आपल्याला ती लागणार आहे.