स्वादुपिंडाचा दाह आणि रक्तातले कॅल्शियम

व्याख्यानमालेतले एक पुष्प आरोग्याला वाहण्याची आपल्या मंडळाची प्रथा आहे. मी होमिओपॅथीचा डॉक्टर. पण आज ज्या आजारावर बोलणार आहे त्यावर मी साबुदाण्याच्या गोळ्या देत नाही. संशय आला की रुग्णाला तडक मोठ्या रुग्णालयात पाठवतो. हा संशय घरच्यांनाही वेळेवर यावा, एवढाच माझा हेतू आहे.

आजाराचे नाव स्वादुपिंडाचा तीव्र दाह, म्हणजेच ‘अक्यूट पॅन्क्रिआटायटिस’. आपल्या इंदुरात मुले शाळेत या अवयवाला ‘अग्न्याशय’ म्हणायला शिकतात, आणि ते नाव समर्पक आहे. जठरामागे आडवे पडलेले हे पिंड इन्सुलिन तयार करते, तसेच अन्न पचविणारे जहाल रसही. हे रस पिंडात असेपर्यंत निद्रिस्त असतात, आतड्यात उतरले की जागे होतात. पित्ताशयातला खडा नळीच्या तोंडाशी अडकला, दारूचा मारा झाला किंवा रक्तातले ट्रायग्लिसराइड बेसुमार वाढले, की ते पिंडातच जागे होतात आणि पिंडालाच पचवू लागतात. ‘आमच्या घरात कोणी घेत नाही, आम्हांला कुठून होणार?’ असे पुष्कळ जण विचारतात. खडा मात्र निर्व्यसनी माणसालाही होतो.

दुखणे बेंबीच्या वर एकाएकी सुरू होते, पाठीत जाते, थांबत नाही; पुढे वाकून बसले तर किंचित बरे वाटते. उलट्या होतात, पण उलटीने आराम पडत नाही. घरी याला ‘गॅस’ म्हणून ओवा, सोडा दिला जातो आणि मोलाचा दिवस हातचा जातो.

रुग्णालयात अमायलेज व लायपेज तपासतात. ते नेहमीच्या कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा अधिक निघाले, की निदानाला बळकटी येते. परंतु आकडा जितका मोठा तितका आजार गंभीर, असे मुळीच नाही. पाचांपैकी सुमारे चार रुग्ण आठवडाभरात सावरतात. उरलेल्यांत फुप्फुसे, मूत्रपिंडे थकू लागतात. पहिल्या दिवशी मात्र दोघेही सारखेच कण्हत असतात. त्यांतला धोक्याचा कोणता, हे लवकर कसे ओळखावे? इथे कॅल्शियमची साधी, स्वस्त तपासणी कामी येते.

बोअरिंगच्या क्षाराच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, बादलीत पांढरा साका बसतो, हे आपण पाहिले आहे. पाण्यातले कॅल्शियम साबणातल्या स्निग्धाम्लांशी बांधले जाऊन तो साका होतो. पोटात नेमके हेच घडते. सुटलेले लायपेज पिंडाभोवतीची चरबी फोडते, स्निग्धाम्ले मोकळी होतात आणि कॅल्शियमला धरून खडूसारखे पांढरे ठिपके बनतात. जितकी चरबी जळेल तितके कॅल्शियम रक्तातून कमी होईल. उतार पडण्याचे हे एकच कारण नव्हे, पण सर्वांत बोलके आहे.

न्यूयॉर्कचे सर्जन जॉन रॅन्सन यांनी १९७४ साली गांभीर्य ओळखण्याच्या ११ खुणा मांडल्या. ५ दाखल होतानाच्या, ६ पहिल्या ४८ तासांतल्या. या सहांतली एक म्हणजे कॅल्शियम ८ मिलिग्रॅमच्या खाली जाणे. दर १०० मिलिलीटर रक्तात ते साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम असते. ग्लासगोच्या डॉक्टरांच्या यादीतही हीच खूण आहे. पुढे भारतातल्या रुग्णालयांतूनही दिसून आले, की दाखल होतानाच कॅल्शियम उतरलेले असेल तर आजार बळावण्याचा संभव अधिक.

मात्र एका आकड्यावर निवाडा करू नये. रक्तातले जवळजवळ ४० टक्के कॅल्शियम अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेले असते. अल्ब्युमिन घटले की एकूण आकडाही घटतो, खरे मोकळे कॅल्शियम ठीक असले तरी. म्हणून डॉक्टर अल्ब्युमिनचा हिशेब धरतात किंवा ‘आयोनाइज्ड’ कॅल्शियम मोजतात. शिवाय नाडी, श्वास, लघवीचे प्रमाण, युरिया हे सारे जोडून पाहतात. कॅल्शियम चांगले आले म्हणून गाफील राहू नये, कमी आले म्हणून हातपाय गाळू नयेत. तो इशारा आहे: या रुग्णावर नजर ठेवा, गरज पडल्यास अतिदक्षता विभाग जवळ असू द्या.

अशा वेळी नातलग विचारतात, ‘मग दूध देऊ का, कॅल्शियमच्या गोळ्या देऊ का?’ नाही. आकडा वर आणल्याने आतली आग विझत नाही. बोटांना मुंग्या आल्या, हात वळू लागले, तर शिरेतून कॅल्शियम द्यायचे की नाही ते तिथले डॉक्टर ठरवतील. मुख्य उपचार म्हणजे सलाइन, वेदनाशमन आणि बारीक देखरेख.

आपण करायचे ते थोडेच. असे दुखणे तासाभरात शमले नाही तर औषधाच्या प्रयोगात वेळ दवडू नका, मग ते औषध माझ्या पॅथीचे का असेना. खड्याचा जुना रिपोर्ट सोबत न्या. रुग्ण दारू घेत असेल तर पाहुण्यांसमोर झाका, डॉक्टरांपाशी झाकू नका. आणि रिपोर्ट हाती आला की नम्रपणे विचारा, ‘डॉक्टरसाहेब, कॅल्शियम किती आले?’