दोन बटणांची जुळवणी

काकूंचा फोन आला तेव्हा भंगारवाला दारातच उभा होता. "तांब्याचा भाव वेगळा, पत्र्याचा वेगळा, असं म्हणतोय. तू येऊन बघ बाबा, यातलं काय ठेवायचं ते," त्या म्हणाल्या. काकांना जाऊन तीन महिने झाले होते. मिरजेच्या जुन्या घरात, माडीवर, त्यांचं रेडिओचं सामान होतं तसंच पडून होतं. मी पोचेपर्यंत दोन ट्रान्सफॉर्मर काट्यावर चढले होते आणि तिसरी वस्तू चढायच्या बेतात होती. एक लोखंडी पेटी, समोर दोन मोठी बटणं, आत जाड तांब्याच्या तारेचं वेटोळं. ती मी उचलली आणि सरळ पोटाशी धरली. भंगारवाला हसला. त्याच्या लेखी त्यात तांबं थोडंच होतं.

श्रोतेहो, त्या पेटीचं नाव 'जॉन्सन मॅचबॉक्स'. नावात काडेपेटी असली तरी हिचा काड्यांशी संबंध नाही. मॅच म्हणजे इथे जुळवणं. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात वसीका नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे 1923 साली ई. एफ. जॉन्सन कंपनी सुरू झाली आणि 1950 नंतरच्या दशकात तिने हौशी रेडिओवाल्यांसाठी ही पेटी बनवली. काका मालवाहू बोटीवर रेडिओ ऑफिसर होते. कुठल्याशा बंदरात त्यांनी ती जुनी विकत घेतली आणि कपड्यांच्या पेटीतून घरी आणली.

हौशी रेडिओ, म्हणजे हॅम रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, 'व्हीयू'ने सुरू होणारं आपलं संकेतनाम मिळवायचं आणि जगाशी बोलायचं, तेही धंद्यासाठी नव्हे. मला या नादाला काकांनीच लावलं. मी बी.ए. झालेला माणूस; ओहमचा नियम मला तिशीत कळला. मोर्स मात्र लवकर आला, कारण वृत्तं मोजायची सवय होती. फरक एवढाच, की वृत्तात गुरू दोन मात्रांचा असतो आणि मोर्समधला डॅश तीन डॉटांचा. पहिला महिनाभर माझे सगळे डॅश आखूड पडायचे. काका म्हणायचे, "कवी, हे भुजंगप्रयात नव्हे."

आता ही पेटी करते काय? विहिरीचा जाड दोर घ्या आणि त्याच्या टोकाला सुतळी बांधा. दोराला हातातून झटका द्या. लाट दोरातून धावते, गाठीशी पोचते, थोडी सुतळीत शिरते आणि थोडी तुमच्या हाताकडे परत येते. दोर आणि सुतळी एका जातीचे नाहीत म्हणून असं होतं. रेडिओच्या लहरींचंही तसंच आहे. आजचे ट्रान्समीटर 50 ओहमची जोडणी गृहीत धरून बनवलेले असतात. गच्चीवरची तार 50 ओहमची निघेलच असं नाही. फ्रिक्वेन्सी बदलली की तिचाही स्वभाव बदलतो. हे बिनसणं मोजायचं एक माप आहे, एसडब्ल्यूआर. ते एकास एक असलं तर उत्तम. तीनास एक झालं, तर गेलेल्या शक्तीतला चौथा हिस्सा अँटेनाकडून मागे फिरतो.

जुने व्हॉल्व्हचे ट्रान्समीटर दणकट. त्यांच्या पोटातच थोडीफार जुळवणी करायची सोय असायची, थोडं बिनसलेलं ते चालवून घ्यायचे. ट्रान्झिस्टरवाले नाजूक. बिनसलं की स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती आपोआप कमी करतात. म्हणून ट्रान्समीटर आणि तार यांच्या मध्ये ट्यूनर बसवतात. त्यात एक कॉईल आणि फिरत्या पात्यांचे कंडेन्सर, ज्यांना आपले रेडिओ दुरुस्तीवाले 'गँग' म्हणतात. गँगची पाती एकमेकांत कमीजास्त शिरवायची आणि ट्रान्समीटरला पटवून द्यायचं, की पलीकडे 50 ओहमच आहेत.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. ट्यूनर म्हटलं की वाटतं, तो अँटेना सुरात लावतो. सतारमेकर गल्लीत लहानपण गेलेल्या माझ्यासारख्याला तर तसंच वाटणार. पण तो गच्चीवरच्या तारेला हातही लावत नाही. दोर-सुतळीची गाठ होती तिथेच राहते. ट्यूनर फक्त परतलेली लाट पुन्हा योग्य वेळी पुढे ढकलतो, ट्रान्समीटरपर्यंत येऊ देत नाही. अशा येरझारांत केबल जेवढी खाते तेवढं वाया जातं. साध्या केबलमध्ये ते पुष्कळ असू शकतं. मोकळ्या दोन तारांच्या, शिडीसारख्या दिसणाऱ्या फीडरमध्ये फारच कमी. दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात गच्चीवरून घरात येणारी चपटी पट्टीवायर आठवते? तिचीच ही थोरली बहीण.

मॅचबॉक्स या शिडीसाठीच जन्मलेला. ट्रान्समीटरकडून येणारी कॉईल मुख्य कॉईलला चिकटलेली नसते, जवळ असते. शक्ती चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जाते आणि दोन्ही तारांना सारखी वाटली जाते. पुढे 1970 साली लू मॅकॉय यांनी 'क्यूएसटी' मासिकात नव्या धर्तीचा ट्यूनर मांडला, त्याला नाव दिलं 'अल्टिमेट ट्रान्समॅच'. नंतरच्या ट्यूनरांचा आवाका मोठा हे खरं. मॅचबॉक्स हट्टी आहे, फार विचित्र तार दिली तर जुळवून घेत नाही. 1979च्या जागतिक परिषदेत हौशींना 10, 18 आणि 24 मेगाहर्ट्झचे जे नवे पट्टे मिळाले, त्यांच्यासाठी त्याच्या स्विचवर जागाच नाही. आजचे स्वयंचलित ट्यूनर रिलेंची टकटक करत काही क्षणांत जुळवून मोकळे होतात. तरी दोन बटणं हातांनी फिरवताना जे कळतं, ते त्या टकटकीतून कळत नाही, असं माझं मत आहे. मतच आहे.

माझ्या गच्चीवर सरळ जागा चौदा मीटर. 7 मेगाहर्ट्झला अर्ध्या लहरीची तार साधारण वीस मीटर लागते. म्हणजे ट्यूनरला पर्याय नव्हता. पहिल्या दिवशी मी उतावीळपणे जोडणी केली आणि एकदम शंभर वॅट सोडले. पेटीत निळी ठिणगी, चरचर आणि जळका वास! गँगचं एक पातं वाकलं होतं, वर कित्येक वर्षांची धूळ. काका असते तर बोलले नसते, नुसते चष्म्यावरून बघत राहिले असते. मग पेटी उघडून मऊ कुंचल्याने एकेक पातं साफ केलं, वाकलेलं सरळ केलं. त्यात दोन रविवार गेले. सुटे भाग वसीकाहून येणार नव्हते.

दुसऱ्या खेपेला काकांची रीत पाळली. आधी बोलायचं नाही, ऐकायचं. ट्रान्समीटर बंद, फक्त रिसीव्हर चालू. स्विच 40 मीटरवर. याच 40 मीटरच्या आसपास, 42.34 मीटरवर, उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी 1942च्या ऑगस्टपासून मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला होता. आजच्या हिशेबात साधारण 7.08 मेगाहर्ट्झ. पोलिसांना चुकवत जागा बदलायच्या, आणि नव्या जागी पुन्हा तार बांधायची. 12 नोव्हेंबरला ते पकडले गेले. मी तर आपल्या घरात, परवाना भिंतीवर लावून बसलो होतो.

बटण हळूहळू फिरवलं. आधी नुसती शांतता. एका जागी आभाळाची खरखर एकदम उसळून वर आली, जरा पुढे जाताच पुन्हा दबली. मागे येऊन दुसरं बटण थोडं फिरवलं, खरखर आणखी भरली. मग दहा वॅट सोडून पाहिले. मीटरचा काटा जवळजवळ हलला नाही.

तो ईदचा दिवस होता. काकू शिरखुर्म्याला आल्या होत्या. गुडघे दुखत असूनही जिना चढून वर आल्या आणि दारात थांबल्या.

"कुणी बोलतंय का रे?"

"नाही काकू, अजून नुसती खरखर आहे."

"बरी मोठी आहे," त्या म्हणाल्या. "म्हणजे लागलं. ते अशी खरखर आली की मला चहा टाकायला सांगायचे."